डायलला हात लावायचा नाही

गुरुजींनी रुमालाची गाठ सोडून घड्याळ काउंटरवर ठेवलं, तशी माझी नजर आधी डायलवरच गेली. "तोंडाकडं काय बगतोयस? पाठ बग आधी," मामा म्हणाले. मामा म्हणजे आमचे घड्याळजी. कोल्हापुरात पापाची तिकटीपासून चार पावलांवर त्यांचं दुकान आहे, एका माणसानं मांडी घालून बसावं आणि दुसऱ्यानं बाहेर फळीला टेकून उभं राहावं, एवढंच. जुनी घड्याळं घ्यायची, इथे चालू करून विकायची, हा माझा जोडधंदा, म्हणून दर रविवारी सकाळी मी त्या फळीला टेकलेला असतो. आता नऊ वर्षं झाली.

घड्याळ पालथं केलं. सिको फाइव्ह. झाकणावर ७००९-८७६ए. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे केसचे, म्हणजे बाहेरच्या डबीचे. खाली सहा अक्षरांचा दुसरा नंबर. त्यातला पहिला आकडा ८, त्याच्यापुढे इंग्रजी 'एन'. सिकोच्या जुन्या घड्याळांत हा नंबर म्हणजे जन्मपत्रिका असते. पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरं अक्षर महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, मग ऑक्टोबरचा 'ओ', नोव्हेंबरचा 'एन', डिसेंबरचा 'डी'. दशक मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. ७००९ हे मशीन सत्तरच्या दशकात निघालं आणि नव्वदच्या दशकापर्यंत चाललं. म्हणजे हे घड्याळ १९७८ च्या नोव्हेंबरचं, नाहीतर १९८८ च्या.

"गुरुजी, कधी घेतलं हे?"

"घेतलं नाही, आलं. माझं लग्न एकोणनव्वदच्या मे महिन्यात झालं. मेहुणा कुवेतला होता. त्यानं येताना आणलं."

मामांनी मान हलवली. "बसतंय."

म्हणजे नोव्हेंबर १९८८ ला कारखान्यातून निघून सहा महिन्यांत ते पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीच्या एका नवरदेवाच्या मनगटावर आलं होतं. घरातली आठवण आणि पाठीवरचा नंबर असे एकमेकांना येऊन मिळतात तेव्हा मला जे वाटतं ते सांगता येत नाही. कारण बहुतेक वेळा ते मिळत नाहीत. एकदा एक कुटुंब आजोबांचं पासष्ट सालचं घड्याळ म्हणून एक सिको घेऊन आलं. आत ७एस२६ मशीन होतं, जे १९९६ च्या आधी जगात नव्हतंच. आजोबा त्याच्या कितीतरी आधी गेलेले. कुणीतरी कधीतरी डब्यातलं घड्याळ बदललं असेल, किंवा दोन घड्याळांच्या आठवणी एकात मिसळल्या असतील. त्यांना ते सांगताना माझाच जीव कसनुसा झाला. पण सांगितलं.

आमच्याकडे ही जपानी घड्याळं अशीच आली, मेहुण्यांच्या, दिरांच्या, गल्लीतल्या कुणाच्या तरी बॅगेतून. तेव्हा परदेशी घड्याळ सरळ दुकानात जाऊन घ्यावं अशी सोय नव्हती. सरकारी एचएमटी होतं, आणि तेही खरं तर अर्धं जपानीच. १९६१ साली बेंगळुरूला घड्याळाचा कारखाना उभा राहिला तो सिटिझनच्या सहकार्यानं. त्या कारखान्याच्या 'जनता' घड्याळावर आमच्या वडिलांची पिढी मोठी झाली. २०१६ च्या जानेवारीत सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हा मामांनी दिवसभर दुसरं काम घेतलं नाही, जुन्या 'जनता'च साफ करत बसले होते. पण 'जनता' चावीचं. रोज सकाळी चावी द्यायची. आखातातून आलेल्या माणसाच्या हातात जे असायचं ते चावी न मागणारं, वार आणि तारीख दोन्ही दाखवणारं, अंधारात काटे चमकणारं. सिको, सिटिझन, रिको, ओरिएंट. कोल्हापुरातली त्या काळातली लग्नाची अल्बम काढून बघा, नवरदेवाच्या बाहीतून स्टीलची चेन हटकून बाहेर आलेली दिसेल.

मग मी घड्याळ सुलटं केलं.

डायल एकेकाळी चंदेरी असणार. आता वरचा अर्धा भाग चंदेरी होता आणि खालचा चहाच्या पाण्यासारखा. मधून एक तपकिरी रेघ गेली होती, दोनच्या खुणेपासून आठच्या खुणेकडे, जराशी तिरकी. मी विचारायच्या आधीच गुरुजी म्हणाले, "एकोणीसचा पूर."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. चिखली आणि आंबेवाडी पाण्यात गेली. गुरुजींच्या घरातलं लोखंडी कपाट आडवं पडलं आणि घड्याळ त्याच्या खणात काही दिवस तिरकं पडून राहिलं. मागच्या झाकणाची रबरी रिंग तीस वर्षांत वाळून कडक झालेली. पाणी आत आलं, पण पूर्ण भरलं नाही. अर्ध्यावर थांबलं. तीच ती रेघ.

"पूर ओसरल्यावर बघितलं तर बंद. मग तसंच ठेवलं. आता मनगट बारीक झालं, चेन कोपरापर्यंत जाते. पोरांच्या हातात ती मोबाइलची घड्याळं. म्हटलं कुणी घालणारा मिळाला तर द्यावं. ही डायल तेवढी नवीन करून घ्या, म्हणजे बरी किंमत येईल."

मामा माझ्याकडे बघत नव्हते. पण त्यांच्या हातातला चिमटा थांबला होता.

डायल नवी करून घेणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण या धंद्यात मला लागलेली सगळ्यात मोठी ठेच तिथलीच आहे. जुनी डायल काढतात, तिच्यावरचा मूळचा रंग आणि अक्षरं घासून टाकतात, नवा रंग मारतात, वर नाव छापतात. जगभरातले जुन्या सिकोचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या राज्याच्या राजधानीचं नाव अशा अर्थानं घेतलं जातं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण रंगवणाऱ्या कारागिरांवर माझा राग नाही. ज्या काळात हे काम सुरू झालं त्या काळात गिऱ्हाइकालाच घड्याळ चकचकीत हवं असायचं, जसं दिवाळीला पितळेची भांडी कल्हईला आणि चिंचेला निघायची तसं. ती एक सेवा होती. चूक तिथे नाही. रंगवलेलं घड्याळ मूळचं म्हणून विकलं जातं तिथे चूक सुरू होते.

आणि ती मी केली. सुरुवातीच्या वर्षात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी बारा घड्याळं एकगठ्ठा घेतली. त्यात एक होतं निळ्या डायलचं, नारिंगी कडेचं, इतकं देखणं की मी दोन दिवस स्वतःच घालून फिरलो. ते सांगलीच्या एका मुलाला २,८०० रुपयांना दिलं. त्यानं वडिलांना वाढदिवसाला भेट दिलं. महिन्याभरानं त्यानं एक फोटो पाठवला, डायलच्या तळाचा, मोठा करून. सिकोच्या खऱ्या डायलवर सहाच्या खाली, अगदी काठाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. तिच्यात मशीनचा नंबर असतो आणि पुढे त्या डायलचा. या घड्याळावर तिथे कोरा निळा रंग होता. मग बाकीचंही दिसायला लागलं. सिको या नावातली अक्षरं जाड, जवळून बघितलं तर कडांना शाई पसरलेली. मिनिटांच्या रेषा काही ठिकाणी खुणांना चुकवून गेलेल्या. वार-तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा गुठळा. हे सगळं मला आधी दिसायला हवं होतं. मी बघितलंच नव्हतं, कारण मला ते बघायचं नव्हतं.

पैसे परत द्यायला मी सांगलीला गेलो. त्या मुलाच्या वडिलांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पुसलं, माझ्या हातात दिलं आणि पाणी आणायला आत गेले. कुणी काही बोललं नाही. परत येताना अंकलीच्या पुलावर ते घड्याळ नदीत टाकावं असं मनात आलं, पण त्यातलं मशीन चांगलं होतं. मशीननं काय घोडं मारलं होतं? ते मामांच्या खोक्यात आहे. त्यातले भाग आम्ही गरज लागेल तसे काढतो.

तेव्हापासून आमच्यात एकच नियम. डायलला हात लावायचा नाही.

हे मी गुरुजींना सांगितलं. ते थोडे हिरमुसले. "म्हणजे हे विकायचं नाही?" "विकायचं गुरुजी. जसं आहे तसं." मग त्यांनी स्वतःच आकडा सांगितला, "पाचशे द्या."

खरेदी करणाऱ्याची परीक्षा इथे असते, विकताना नव्हे. विकताना चार लोक तुमचं घड्याळ तपासतात. घेताना समोर एकटा माणूस असतो, त्याला बाजार माहीत नसतो, आणि तो स्वतःच्या तोंडानं कमी आकडा सांगतो. मी खोटं सांगत नाही, त्या दिवशी माझी जीभ क्षणभर जड झाली. मामांनी चिमटा खाली ठेवला. ठेवल्याचा आवाज झाला. मी म्हणालो, "गुरुजी, चालू झालं तर हे अडीच-तीन हजाराला जाईल. मशीन गंजलंय, भाग लागतील. मी पंधराशे देतो." गुरुजींनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "घ्या. पोरगं बरोबर बोलतंय."

दुसऱ्या रविवारी मशीन उघडलं. माझं रोजचं काम शिवाजी उद्यमनगरात, लेथवर. आमचं गाव ऑइल इंजिनाचं आणि फाउंड्रीचं, एक्सेंट्रिक म्हणजे काय हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. म्हणूनच या घड्याळांनी मला धरलं असावं. पाठीमागचं झाकण काढलं की अर्धवर्तुळाकार जड पत्रा दिसतो, तो रोटर. हात हलला की तो गरगरतो. पण खरी करामत त्याच्याखाली आहे. एका छोट्या चाकावर मध्यापासून जरा सरकलेली खुंटी, तेच एक्सेंट्रिक, आणि त्या खुंटीत अडकवलेली दोन पायांची पट्टी, लांबून चिमट्यासारखी दिसणारी. खुंटी फिरली की पट्टी मागेपुढे होते. तिचा एक पाय समोरचं दातेरी चाक ओढतो, दुसरा ढकलतो. रोटर डावीकडे फिरो नाहीतर उजवीकडे, ते चाक फिरतं एकाच दिशेला आणि स्प्रिंग भरत जाते. याला मॅजिक लिव्हर म्हणतात. १९५९ साली सिकोच्या, जपानमधल्या सुवाच्या कारखान्यातल्या लोकांनी हे घड्याळात आणलं. बऱ्याच स्विस घड्याळांत याच कामाला चाकांची रांग लागायची, इथे एका पट्टीत भागलं. इतकं कमी सामान, इतकं सरळ काम. १९६३ मध्ये पहिलं सिको फाइव्ह निघालं, सर्वसामान्याला परवडणारं, आणि पुढे दशकानुदशकं ती पट्टी तशीच राहिली. उद्यमनगरात आमचे फोरमन म्हणतात, चांगल्या ड्रॉइंगवरून खोडायला काही उरत नाही. ही पट्टी बघितली की मला ते वाक्य आठवतं.

गंमत अशी की याच कंपनीनं १९६९ च्या नाताळच्या दिवशी ॲस्ट्रॉन नावाचं जगातलं पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. म्हणजे स्वतःच्या ॲटोमॅटिकला, हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या घड्याळाला, सेलचा पर्याय स्वतःच उभा केला, आणि तरी सिको फाइव्ह बनवणं सोडलं नाही. माझ्या लेखी त्या कंपनीची सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

गुरुजींच्या मशीनमध्ये रोटर आणि मॅजिक लिव्हर शाबूत होते. पण बॅलन्सची, म्हणजे ठोके देत झुलणाऱ्या चाकाची, केसासारखी स्प्रिंग गंजून तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. मामांनी सगळं सुटं करून पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुतलं. पेट्रोलच्या तळाशी बारीक लाल गाळ बसला. पंचगंगेचा गाळ. मामांनी बशी उन्हाकडे धरून तो बघितला आणि काही न बोलता बाहेर गटारीत ओतला. बॅलन्स खोक्यातल्या एका घड्याळातून घेतला. होय, त्याच निळ्या घड्याळातून. रिंग नवी, काच नवी. डायल तशीच परत बसवली. ओल्या कापसानं पुसायचीही नाही, कारण पुरातून आलेल्या डायलवरची छपाई कापसाबरोबर निघून येते. फक्त फुंकणीनं हवा मारायची.

चार आठवड्यांनी गुरुजी पेन्शनच्या कामाला कोल्हापुरात आले आणि सहज दुकानात डोकावले. घड्याळ तेव्हा टायमिंगच्या यंत्रावर चढवलेलं होतं. पडद्यावर दोन ठिपक्यांच्या ओळी चाललेल्या, कोपऱ्यात आकडा २१,६००. गुरुजी वाकून बघत राहिले.

"हा कसला आकडा?"

"तासाचे ठोके. सेकंदाला सहा."

"एकवीस हजार सहाशे," ते हळू म्हणाले. "आमचे वडील सांगायचे, माणूस दिवसरात्रीत एवढेच श्वास घेतो. अजपाजप म्हणतात त्याला."

घरी येऊन मी हिशेब केला. मिनिटाला पंधरा श्वास, दिवसाची १,४४० मिनिटं. बरोबर २१,६००. सिकोच्या लोकांना हे माहीत असण्याचं कारण नाही, सहाला ३,६०० नं गुणलं की हाच आकडा येतो, एवढंच. तरी त्यानंतर कुठलंही ७००९ कानाला लावलं की मला तो श्वासांचा आकडा आठवतोच.

त्याच दिवशी गुरुजींनी आणखी एक सांगितलं. कुवेतहून आलेलं म्हणून या घड्याळाची वाराची चकती अरबी आणि इंग्रजी अशी दुहेरी होती. त्यांनी ती पहिल्या दिवसापासून इंग्रजीवर लावलेली. पण चकतीवर चौदा नावं असतात, एक अरबी, एक इंग्रजी, अशी आळीपाळीनं. इंग्रजी वारावरून पुढच्या इंग्रजी वारावर जायचं तर मधलं अरबी ओलांडूनच जावं लागतं. मध्यरात्रीनंतर थोडा वेळ खिडकीत ते अरबी अक्षर येऊन थांबतं. "परीक्षेचे पेपर तपासत बसलो की दिसायचं," गुरुजी म्हणाले. "घरात सगळे झोपलेले. मी, कंदील नाहीतर बल्ब, आणि ते अक्षर. वाचता यायचं नाही. पण ते आलं म्हणजे उशीर झाला, एवढं कळायचं. मग दौत बंद करून झोपायचो." मी तोपर्यंत शंभरेक दुहेरी चकतीची घड्याळं हाताळली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण विकणारा माणूस रात्री एकला घड्याळाकडे बघत नाही. वापरणारा बघतो.

विकायला ठेवताना मी सगळं लिहिलं. सिको फाइव्ह, ७००९, नोव्हेंबर १९८८. केस मूळची, पॉलिश नाही. डायल मूळची, २०१९ च्या पुराच्या पाण्याचा डाग, दोनपासून आठपर्यंत. काटे मूळचे, तासकाट्याच्या टोकाला गंज. बॅलन्स दुसऱ्या ७००९ चा. काच आणि रिंग नवीन. चेन मूळची, दोन कड्या काढलेल्या, सोबत दिल्या जातील. चावी देऊन भरत नाही, हातात घालून हलवावं लागतं. वार आणि तारीख रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये बदलू नये, दाते अडकलेले असतात. किंमत ३,००० रुपये.

फोन बरेच आले. बहुतेकांचं एकच म्हणणं, डाग काढून मिळेल का. एक जण म्हणाला, डायल रंगवून द्या, चार हजार देतो. पुढे एकानं डागाचे पाचशे कमी करा म्हटलं. ते मला रास्त वाटलं, मी हो म्हणालो, पण त्याचा परत फोन आला नाही. तीन महिने घड्याळ माझ्याच कपाटात होतं. दोनदा थांबलं, दोनदा मी घालून उद्यमनगरात नेलं. लेथवर दिवसभर हात चालतो, स्प्रिंग भरायला त्याहून चांगली जागा नाही. पण कूलंटचे शिंतोडे उडतात, म्हणून मग नेणं बंद केलं.

शेवटी पिंपरीच्या एका मुलीनं घेतलं. कारखान्यात क्वालिटीला आहे, पाळीचं काम. तिनं एकच प्रश्न विचारला, डाग वाढेल का. मी सांगितलं, आतली ओल गेलीय, रिंग नवीन आहे, वाढू नये. पण घालून पोहायला जाऊ नका. तिनं तीन हजार पाठवले, काही कमी केलं नाही. मी कापसात गुंडाळून डब्यात घालून पाठवलं आणि पंधराशेमागे काय उरलं ते लिहून ठेवलं. मामांची मजुरी आणि काच-रिंग वजा जाता चारशे.

त्या पैशातून मी गुरुजींना पेढे पाठवले नाहीत की काही नाही, पण फोन केला. घड्याळ पिंपरीला गेलं, एक मुलगी घालणार आहे, सांगितलं. "रात्रपाळी असते का तिला?" त्यांनी विचारलं. असते, म्हटलं. "बरं," म्हणाले आणि तब्येतीचं विचारू लागले.

बारा-पंधरा दिवसांनी रात्री एक वाजता माझा मोबाइल वाजला. झोपेत उचलला. मागे यंत्रांचा आवाज.

"सॉरी सर, एवढ्या रात्री. घड्याळात काहीतरी झालंय. वाराच्या जागी वेगळीच अक्षरं आलीत. उर्दू की काय. बिघडलं का?"

मी उठून बसलो.

"नाही बिघडलं," म्हणालो. "अरबी आहे ते. चावीला हात लावू नका. थोड्या वेळानं आपलं आपण जाईल."

"म्हणजे रोज येणार हे?"

"रोज. बारानंतर."

ती हसली. मग मागचा आवाज वाढला आणि फोन ठेवला गेला.